पटावरची नावे

काही वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या बहिणीला, आमच्या बायला, वयाचा दाखला हवा होता. साठी उलटलेल्यांना दरमहा अर्थसाहाय्य देणाऱ्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेसाठी तिला अर्ज करायचा होता. तिचा जन्म १९५५ सालचा, पोर्तुगीज अमदानीतला. घरच्यांनी तो नोंदवायचा राहूनच गेला होता. शाळेत गेली असेल तर शाळेचा दाखला आणा, असे कोणीतरी सुचवले आणि मी डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो. शाळेला कुलूप होते. पट कमी झाला म्हणून ती शेजारच्या वाड्यावरच्या शाळेत विलीन झाली होती. तिथल्या बाईंनी कपाटातून जुने दप्तर काढले आणि कडा वाळवीने खाल्लेले एक जाडजूड जनरल रजिस्टर माझ्यापुढे ठेवले.

बायचे नाव शोधायला पाच मिनिटे पुरली असती. मी दुपारभर तिथेच बसून राहिलो.

जनरल रजिस्टरात प्रत्येक मुलाला एक ओळ मिळते. अनुक्रमांक, नाव, जन्मतारीख, पालकाचा धंदा, पूर्वीची शाळा, दाखल झाल्याची तारीख, कोणत्या इयत्तेतून शाळा सोडली आणि का सोडली. दरवर्षी खात्याकडे जाणारी आकडेवारी अशाच ओळींच्या बेरजेतून तयार होते. किती दाखल झाले, किती पास झाले, किती गळाले. शाळेची प्रगती म्हणतात ती हीच.

आमच्या रजिस्टराचे पहिले पान जून १९६४ चे. पहिल्याच दिवशी दाखल झालेल्यांची नावे एका पानात मावलेली नाहीत. सगळे पहिलीतले, पण कोणी सहा वर्षांचे, कोणी बारा वर्षांचे. बहुतेकांची जन्मतारीख १ जून. आईबापांना तारीख ठाऊक नव्हती, मास्तरांनी पोराकडे बघून साल ठरवले आणि तारीख घालून टाकली. आणि ‘पूर्वीची शाळा’ या रकान्यात पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत एकच आडवी रेघ.

त्या रेघेमागे बराच इतिहास आहे.

गोव्यात शिक्षण नव्हते असे कोणी म्हणणार नाही. पणजीत १८४२ साली वैद्यकीय शाळा सुरू झाली आणि १८५४ साली लिसेव. डॉक्टर, वकील, नोटरी घडवण्याची सोय राजधानीत होती. पण डिचोली, सत्तरी, पेडणे, सांगे, केपे, काणकोण हा अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीजांकडे आलेला नव्या काबिजादीचा मुलूख. इथे देवळाचे हिशेब मराठीत, पोथी मराठीत, कीर्तन मराठीत. त्यासाठी देवळाच्या अग्रशाळेत किंवा एखाद्या भाटकाराच्या ओसरीवर पंतोजी मुलांना घेऊन बसत. ओनामा, मोडीची वळणे, पावकी-निमकी असा तो अभ्यासक्रम. ज्यांच्या घरून मास्तरांना शिधा जाई त्यांचीच मुले तिथे बसत. कूळ-मुंडकारांची मुले त्या वेळी गुरांमागे असत. मुलींचा तर प्रश्नच नव्हता.

जे झाले ते लोकांनी आपल्या बळावर केले. पणजीची मुष्टिफंड संस्था १९०८ सालची. घरोघरची मूठ मूठ तांदूळ हे तिचे भांडवल, म्हणून हे नाव. १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आले, हिंदूंना धर्माच्या नावावर होणारी अडवणूक सैल झाली आणि ठिकठिकाणी मराठी शाळा काढायला बळ मिळाले. बार्देशात वेगळी गोष्ट घडत होती. तिथले पुरुष पोटासाठी मुंबईला, आफ्रिकेला जात. पोर्तुगीज शिकून तिथे नोकरी मिळत नव्हती. म्हणून हडफड्यासारख्या गावात १८८७ सालीच इंग्रजी शाळा निघाली. आईबाप मुलाची शाळा निवडताना भाकरीचा विचार करतात, हे तेव्हाही खरे होते. पुढे त्याकडे पुन्हा यायचे आहे.

एवढे सगळे होऊनही १९६१ साली गोवा मुक्त झाला तेव्हा इथले साक्षर लोक साधारण तिसऱ्या हिश्शाइतके होते. बाकीच्यांच्या नावापुढे ती रेघ होती.

२० डिसेंबर १९६३ रोजी भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. त्यांच्या राजकारणाबद्दल मतभेद होते आणि राहतील. पण खेड्यात शाळा नेण्याचे काम त्यांनी ज्या घाईने केले ती घाई योग्यच होती, असे ते रजिस्टर चाळताना वाटते. इमारत बांधून होईपर्यंत थांबायचे नाही, मिळेल तिथे वर्ग भरवायचे. आमची शाळाही आधी देवळाच्या मंडपात भरली. तरंगांच्या दिवशी सुटी आणि महाप्रसादाच्या दिवशी अर्धी शाळा. शिक्षक गोव्यात पुरेसे नव्हते, म्हणून सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवण, बेळगाव अशा सीमेपलीकडच्या भागांतून आले. आमच्या मास्तरांची मालवणी आणि आमची कोकणी यांत फारसे अंतर नव्हते, त्यामुळे फळ्यावरची मराठी समजायला अडचण आली नाही. घरी कोकणी आणि पाटीवर मराठी, यात काही विसंगत आहे हे आम्हाला मोठेपणी इतरांनी सांगितले.

या शाळांना राजकारणाचा वास होता, हेही लपवायचे कारण नाही. मराठी शाळा म्हणजे विलीनीकरणाची तयारी, अशी शंका विरोधकांना होती, आणि ती अगदीच निराधार नव्हती. १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. १,७२,१९१ मते वेगळे राहण्याच्या बाजूने आणि १,३८,१७० विलीनीकरणाच्या बाजूने पडली. त्याच महिन्याच्या २७ तारखेला पुण्यात बालभारतीची स्थापना झाली. गोवा महाराष्ट्रात गेला नाही, पण बालभारतीचे पुस्तक माझ्या दप्तरात आले. कौलानंतरच्या जूनमध्ये आमच्या रजिस्टरात नावे कमी झालेली दिसत नाहीत. लोकांनी शाळा आणि कौल या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या होत्या.

आता बायची ओळ. दाखल १९६४, वय नऊ. शाळा सोडली १९६७, इयत्ता तिसरी. कारण: घरकाम.

म्हणजे खात्याच्या भाषेत आमची बाय ‘गळती’. त्या वर्षीच्या अहवालात शाळेची प्रगती मोजताना ती उणे बाजूला गेली असणार. आई दुसऱ्याच्या शेतात लावणीला जायची, घरात आम्ही लहान भावंडे. कोणीतरी घरी राहायला हवे होते.

पण त्याच दप्तरात प्रवेश अर्जांचा एक गठ्ठा होता. बाईंच्या परवानगीने तोही सोडला. १९६८ सालचा माझा अर्ज निघाला. खाली वडिलांच्या अंगठ्याचा निळा ठसा आणि शेजारी वाकड्या अक्षरात ‘निशाणी अंगठा’ असे लिहून वडिलांचे नाव. ते अक्षर मास्तरांचे नव्हते. ते बायचे होते. तेरा वर्षांच्या मुलीने अर्ज वाचून बापाला सांगितला होता, त्यांचा अंगठा घेतला होता आणि तो कोणाचा हे लिहून दिले होते. माझ्यामागून आलेल्या दोन्ही भावंडांच्या अर्जांवर तेच अक्षर आहे, दर खेपेला थोडे अधिक सुबक.

तीन वर्षांच्या शाळेने एवढे केले. १९६४ साली कूळ कायदा झाला होता. घरात कागद येऊ लागले होते, पावत्या, नोटिसा. त्या वाचायला भाटकाराकडेच जावे लागले असते तर कायद्याचा उपयोग काय झाला असता? ते वाचायचे काम तिसरीतून गळालेली मुलगी करत होती. आम्ही तिघेही भावंडे मॅट्रिक झालो ते तिने संध्याकाळी कंदील पुसून पुढ्यात ठेवला म्हणून. या यशाची नोंद करायला रजिस्टरात रकाना नाही.

१९७५ साली गोव्याचे स्वतःचे शालान्त मंडळ झाले आणि हळूहळू शाळा म्हणजे दहावीच्या निकालाची टक्केवारी असे समीकरण घट्ट झाले. शंभर टक्के निकालाची बातमी येते, शिक्षकांचे सत्कार होतात. ते व्हावेतच. पण त्या शंभर टक्क्यांत गावच्या चौथीपर्यंतच्या शाळेचा वाटा किती, हे कोणी विचारत नाही. गोव्याची साक्षरता १९९१ साली ७५.५१ टक्के होती, २००१ साली ८२.०१ आणि २०११ साली ८८.७० टक्के. देशाच्या सरासरीच्या पुष्कळ पुढे. स्त्रियांचाच आकडा पाहिला तर १९९१ चे ६७.०९ टक्के २०११ साली ८४.६६ वर गेले. या आकड्यांचा आपण अभिमान बाळगतो. त्यांतला फार मोठा हिस्सा या एक-दोन खोल्यांच्या शाळांनी कमावलेला आहे.

रजिस्टर पुढे उलटत गेलो तसे दोन बदल दिसले. मुलांची वये एकसारखी झाली, सगळी सहा वर्षांची. ‘पालकाचा धंदा’ या रकान्यात शेतकरी आणि मजूर जाऊन खाणीवर ड्रायव्हर, मग शिक्षक, मग सरकारी नोकरी असे येऊ लागले. हे शाळेचेच यश. आणि त्याच पानांवर नावे कमी होत गेली. एका वर्षाच्या नोंदींना पूर्वी पान पुरत नसे, नंतर अर्धे पान पुरू लागले आणि मग पाच-सहा ओळी.

का, याचे एकच उत्तर नाही. कुटुंबे लहान झाली. आणि भाषेचा वाद आला. १९९० साली शशिकलाताई काकोडकर शिक्षणमंत्री असताना, प्राथमिक शाळेला अनुदान हवे तर माध्यम मराठी किंवा कोकणी असले पाहिजे, असे धोरण ठरले. डायोसेसन संस्थेच्या अनेक शाळा कोकणीकडे वळल्या. २०११ साली सरकारने इंग्रजी माध्यमालाही अनुदानाची वाट मोकळी केली. भारतीय भाषा सुरक्षा मंच उभा राहिला, सभा झाल्या, मोर्चे निघाले. २०१२ साली सरकार बदलले, तरी चर्चच्या शाळांचे ते अनुदान चालूच राहिले.

त्या आंदोलनाच्या एका सभेला मीही गेलो होतो, टाळ्याही वाजवल्या होत्या. पण वाचकहो, १९९६ साली मी माझ्या मुलाला इंग्रजी शाळेत घातले होते. तेव्हा मी नोकरीनिमित्त म्हापशाला होतो. त्याला पुढे अडचण येऊ नये, एवढेच मनात होते. हडफड्याच्या आईबापांनी शंभर वर्षांपूर्वी केला तोच विचार. गावच्या शाळेचा पट कमी झाला त्याला धोरण जबाबदार आहे, तसा मीही आहे. मॅट्रिक झालेल्या आम्हा भावंडांपैकी एकाच्याही मुलाचे नाव त्या रजिस्टरात नाही.

शाळा विलीन करण्यामागेही काही कारण असते, हे मान्य करायला हवे. चार इयत्ता मिळून सात मुले आणि एक शिक्षक, यात मुलांचेही भले नाही. शिक्षण हक्क कायदा साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेलाही दोन शिक्षक हवेत म्हणतो. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणे २०१७ आणि २०२१ साली झाली, त्यांत तिसरीच्या मुलाला वाचता येते का, हिशेब येतो का, हे तपासले गेले. तेही आवश्यकच आहे. पण शाळा चालू ठेवायची की नाही हे केवळ पटावरून ठरवताना, पटावर कोण आहे हे पाहिले पाहिजे.

म्हणून मी बाईंना त्यांच्या शाळेचे आजचे रजिस्टर दाखवाल का, असे विचारले. शेवटच्या पानांवरची आडनावे आमच्या गावची नव्हती. कोणाचे वडील बागलकोटहून बांधकामावर आलेले, कोणाचे झारखंडहून कारखान्यात. घरी कन्नड, हिंदी, आणखी काही. आणि ‘पूर्वीची शाळा’ या रकान्याशेजारी बाईंनी वेगळ्या शाईने खूण केली होती. घरातून पहिल्यांदाच शाळेत येणाऱ्या मुलांची ती खूण.

“पालकसभेची चिठ्ठी ही मुलेच घरी वाचून दाखवतात,” बाई म्हणाल्या. “मराठीत वाचतात आणि आपल्या भाषेत समजावतात. आईबाप सभेला येतात ते त्यामुळे.”

मला १९६८ चा अर्ज आठवला. आमच्या घरांतले काम त्या शाळेने संपवले आणि आम्ही तिथून निघून गेलो. तेच काम ती आता दुसऱ्यांच्या घरांसाठी करत आहे. ती मुले आपली नव्हेत म्हणून पटाचा आकडा आपल्याला छोटा वाटत असेल, तर वेंगुर्ल्याहून आलेल्या आमच्या मास्तरांनाही आम्ही तसे परकेच होतो. त्यांनी दोन पाने भरून आमची नावे लिहिली.

दाखला मिळाला. बायला घेऊन मी अर्ज द्यायला गेलो. खिडकीतल्या माणसाने तिच्या पांढऱ्या केसांकडे पाहिले आणि शाईचा पॅड पुढे सरकवला. बायने तो परत सरकवला आणि पेन मागितले.