एक झाड, दोन बहार : एका संगणकावर दोन कार्यप्रणाली कशा नांदू लागल्या

१/ काटोलच्या संत्रा बागायतदारापुढे दरवर्षी एक निवड उभी असते. झाड तेच, जमीन तीच. पण जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा आंबिया बहार धरावा की पावसाच्या तोंडावर येणारा मृग? पाण्याचा ताण देऊन त्यातला एक धरला जातो. दोन्ही एकदम घेतले तर झाड थकते. संगणकाच्या इतिहासातही हाच प्रश्न उभा राहिला : यंत्र एक, कार्यप्रणाली दोन.

२/ १९८१ साली आयबीएमचा पीसी बाजारात आला, तेव्हा उत्तर सोपे होते. कार्यप्रणाली फ्लॉपीवर असे. डॉसची फ्लॉपी घातली की डॉस सुरू होई, सीपी/एमची घातली की सीपी/एम.

३/ मार्च १९८३ मध्ये आयबीएमने एक्सटी हा पीसी आणला. त्यात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क यंत्रातच बसवलेली होती. आता एकाच डिस्कवर निरनिराळ्या कार्यप्रणालींना जागा देणे भाग पडले. त्यासाठी डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत एक वाटणीपत्र लिहिले जाऊ लागले.

४/ हे वाटणीपत्र अवघे ६४ बाइटांचे : चार हिस्से, प्रत्येकी १६ बाइट. सातबाऱ्यावर असावी तशी नोंद. तुकडा कोठून सुरू होतो, केवढा आहे, कोणाचा आहे. शेवटचे २ बाइट ओळखीची खूण. उरलेल्या ४४६ बाइटांत यंत्राला जागे करणारा छोटा प्रोग्राम. वाटण्या चार, पण दार एकच. पुढची सारी भांडणे या दारावरून झाली.

५/ १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने लिनक्स प्रसिद्ध केले. ते वापरून पाहणाऱ्यांना आपला जुना डॉस पुसायचा नव्हता. १९९२ मध्ये वेर्नर आल्मेसबेर्गर याचा लिलो आला. १९९५ मध्ये एरिक बोलेन याने ग्रब लिहायला घेतला. यंत्र सुरू होताच पडद्यावर यादी येऊ लागली : कोणती कार्यप्रणाली हवी?

६/ मात्र विंडोज नव्याने बसवली की ती ते दार आपल्या नावावर करून घेई आणि लिनक्स दिसेनासे होई. त्यातून एक रीत रुजली : आधी विंडोज, मग लिनक्स. अशा वेळी पुसलेले असे ते दार. घर शाबूत असे. पण सारे गेले असे समजून कोणी संपूर्ण डिस्क नव्याने आखली, की मग माहिती खरोखरच जाई.

७/ महाराष्ट्रात दोन कार्यप्रणाली ठेवण्यामागे भाषेचेही कारण होते. १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाले. त्याचे जिस्ट कार्ड पीसीत बसवले की डॉसवर देवनागरी उमटे. पुढे विंडोजवर खासगी फॉन्ट आले, पण प्रत्येकाची अक्षरसंकेतांची मांडणी निराळी. तो फॉन्ट नसेल तर मजकूर म्हणजे निरर्थक चिन्हे! लिनक्सकडे वळलेल्यालाही जुन्या मराठी फाइलींसाठी विंडोज राखून ठेवावी लागे.

८/ युनिकोडने ही दावण सैल केली. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले लोहित फॉन्ट २००४ मध्ये रेड हॅटने मुक्त परवान्याखाली खुले केले. २००७ मध्ये सी-डॅकची लिनक्सवर आधारित ‘बॉस’ आली. मराठी मजकूर आता कोणत्याही एका कार्यप्रणालीचा बांधील उरला नाही.

९/ वाटणीची पद्धतही बदलली. जुन्या वाटणीपत्राला सुमारे २ टेराबाइटांपलीकडची डिस्क मोजता येत नसे. नव्या जीपीटी पद्धतीत साधारणपणे १२८ हिस्से मावतात, आणि यूईएफआयमुळे प्रत्येक कार्यप्रणालीला स्वतःचे दार मिळते. तरी तंटा मिटलेला नाही. ऑगस्ट २०२४ मधील विंडोजच्या एका सुरक्षा अद्ययावतीनंतर अनेक संगणकांवरील लिनक्स सुरूच होईना.

१०/ म्हणून चाळीस वर्षांच्या या अनुभवाने शिकवलेला पहिला नियम आजही तोच आहे : डिस्कची वाटणी करण्यापूर्वी सगळ्या माहितीची प्रत दुसरीकडे ठेवावी. बहार चुकला तर बागायतदाराला पुढचा हंगाम तरी असतो. पुसलेल्या फाइलीला तो नसतो.