मानवी गरजा व विधिव्यवस्था : हुबळी-धारवाडचा पाणीप्रश्न

मनुष्याची मूलभूत गरज आणि तिला हक्काचे रूप देणारी विधिव्यवस्था यांचा संबंध किती बिकट असू शकतो, हे पूर्वी मुंबई इलाख्यात असलेल्या व १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत म्हैसूर राज्यात (आताच्या कर्नाटकात) गेलेल्या हुबळी-धारवाडच्या पेयजलाच्या तंट्यावरून स्पष्ट होते. सौंदत्तीजवळ नविलुतीर्थ येथे मलप्रभा नदीवर बांधलेल्या धरणातून या जुळ्या नगरांना पाणी मिळते. अवर्षणात ते अपुरे पडते, म्हणून म्हादई नदीच्या खोऱ्यातील कळसा व भंडुरा या नाल्यांचे पाणी मलप्रभेत वळविण्याची योजना कर्नाटकाने आखली व गोव्याने तिला हरकत घेतली. संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्कात न्यायालयांनी पाण्याचा अंतर्भाव केला असला, तरी आंतरराज्य नदीतंटे अनुच्छेद २६२ व त्याविषयीचा १९५६ चा अधिनियम यांनुसार लवादाकडे जातात. तेथे पक्षकार असतात ती राज्ये, तहानलेला नागरिक नव्हे, आणि हाच या रचनेतील गंभीर दोष होय. या तंट्यासाठी लवाद २०१० मध्ये नेमला गेला. कर्नाटकाची ७.५६ अब्ज घनफुटांची अंतरिम मागणी त्याने जुलै २०१६ मध्ये फेटाळताच नवलगुंद-नरगुंद भागात उग्र आंदोलन उसळले. १४ ऑगस्ट २०१८ च्या निवाड्याने मलप्रभेकडे वळविण्यास ३.९ अब्ज घनफूट पाणी मंजूर केले (कळसा १.७२, भंडुरा २.१८), तो राजपत्रात प्रसिद्ध झाला फेब्रुवारी २०२० मध्ये. गोव्याची बाजूही गरजेचीच आहे, हे विसरता कामा नये : तेथे मांडवी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या म्हादईवरच शेती, पेयजल व अरण्ये अवलंबून आहेत. निवाड्याविरुद्ध राज्यांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली.