एकेकट्याने भेटलेले राक्षस

सप्टेंबर १९३१. कॅलिफोर्नियातल्या युनिव्हर्सल सिटीत अजून उजाडलेलं नाही, पण जॅक पिअर्सच्या मेकअपच्या खोलीत दिवे लागले आहेत. तुम्ही भिंतीला टेकून उभे राहा. मध्ये काही विचारू नका. काम चालू असताना पिअर्सला कुणाची लुडबुड चालत नाही.

खुर्चीतला माणूस ४३ वर्षांचा आहे, इंग्रज आहे, आवाज मऊ आहे. कितीतरी वर्षं छोट्यामोठ्या भूमिका करूनही रस्त्यावर त्याला कुणी ओळखत नाही. नाव बोरिस कार्लॉफ. ‘फ्रँकेनस्टाइन’मधला राक्षस तो होणार आहे. पिअर्स त्याच्या कपाळावर कापसाचा पातळ थर ठेवतो, त्यावर कोलोडियन लावतो, वाळू देतो. पुन्हा कापूस, पुन्हा कोलोडियन. ईथरचा वास तुमच्या नाकात चढतो, डोळे चुरचुरतात. कार्लॉफ हूं की चूं करत नाही. डोकं वरून सपाट का, याचा विचार पिअर्सने आधीच करून ठेवलाय: मेंदू आत बसवायचा तर डॉक्टर कवटी आडवी कापेल आणि डब्याचं झाकण उघडावं तशी ती उघडेल. पापण्यांवर मेणाचा जड लेप चढतो. ही सूचना कार्लॉफची. आरशात त्याला आपले डोळे फार जागे, फार समजूतदार वाटले होते. मग तो तोंडातला दातांचा ब्रिज काढून बाजूला ठेवतो आणि एका बाजूचा गाल आत जातो. या सगळ्याला जवळजवळ चार तास लागतात. हे रोज, आणि संध्याकाळी उतरवायला वेगळा वेळ.

आता बाहेर या. गाड्या मालिबू लेककडे निघाल्या आहेत. सात वर्षांच्या मेरिलिन हॅरिसला आज या चेहऱ्यासमोर काम करायचंय. पोर घाबरून रडायला लागली तर दिवस फुकट जाईल, म्हणून सगळ्यांना धाकधूक आहे. मेरिलिन गर्दीतून सरळ त्याच्याकडे चालत जाते, त्याचा हात धरते आणि विचारते, मी तुमच्याच गाडीतून येऊ का? ही आठवण तिने पुढे मोठेपणी सांगितली. उकडलेल्या अंड्यांचीही सांगितली: पाण्यात फेकण्याचा शॉट पुन्हा घ्यायचा होता, दिग्दर्शक जेम्स व्हेल म्हणाला, काय हवं ते माग, आणि तिने डझनभर उकडलेली अंडी मागितली.

तळ्याकाठी दोघं बसून पाण्यात फुलं टाकतायत. फुलं तरंगतात. राक्षसाच्या हातातली फुलं संपतात. मुलगीही फुलासारखीच तरंगेल अशा समजुतीने तो तिला उचलतो. तुम्ही हा शॉट पूर्ण पाहताय हे तुमचं भाग्य, कारण सेन्सॉरच्या कात्रीनंतर कित्येक दशकं लोकांनी तो अर्धाच पाहिला. मुलीकडे पुढे झालेले राक्षसाचे हात दिसायचे आणि त्यानंतर एकदम तिचं प्रेत उचलून गावातून चालणारा बाप. त्या मोकळ्या जागेत प्रेक्षकाच्या मनात जे यायचं, ते मूळ दृश्यापेक्षा कितीतरी भयंकर होतं. कापलेला तुकडा १९८०च्या दशकात परत जोडला गेला. युनिव्हर्सलच्या राक्षसपटांच्या सगळ्या परंपरेतला हा माझा सर्वांत आवडता प्रसंग. त्या राक्षसाला जगात पहिल्यांदा सोबत मिळाली आहे आणि त्या सोबतीचं काय करायचं हे त्याला शिकवणारं कुणी नाही.

जरा मागे सरका: १९३०ची शरद ऋतूतली एक संध्याकाळ. ‘ड्रॅक्युला’च्या सेटवरून दिग्दर्शक टॉड ब्राउनिंग आणि इंग्रजीतला ड्रॅक्युला बेला लुगोसी घरी निघालेत. तासाभरात दुसराच ताफा आत येतो. त्याच जिन्यावर, त्याच कोळ्याच्या जाळ्यांमधून आता कार्लोस विलारियास स्पॅनिशमधला ड्रॅक्युला म्हणून उतरणार आणि शूटिंग रात्रभर चालणार. डबिंगची सोय अजून रुळलेली नाही, म्हणून अख्खा सिनेमा दुसऱ्यांदा काढायचा. बोलपट सगळ्या जगालाच नवा आहे. ‘ड्रॅक्युला’ १९३१च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या रॉक्सी थिएटरात लागला आणि महिन्याभराने, १४ मार्चला, गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’. लुगोसी प्रत्येक शब्द असा सावकाश, जोखून का उच्चारतो, ते रॉक्सीत बसून ऐकलं की कळतं. पडद्यावर जवळजवळ संगीतच नाही. थिएटर गप्प असतं आणि त्या शांततेत हा हंगेरियन आवाज येतो.

पुढची वर्षं भराभर जाऊ द्या. १९३२मध्ये ‘द ममी’, १९३३मध्ये ‘द इनव्हिजिबल मॅन’, १९३५मध्ये ‘ब्राइड ऑफ फ्रँकेनस्टाइन’. १९३६मध्ये संस्थापक कार्ल लेमले आणि त्यांच्या मुलाच्या हातून कर्जापायी युनिव्हर्सल स्टुडिओच गेला, आणि नव्या मालकांना राक्षसांत फारसा रस नव्हता. १९३८मध्ये लॉस एंजेलिसच्या रेजिना नावाच्या एका छोट्या थिएटरने ‘ड्रॅक्युला’, ‘फ्रँकेनस्टाइन’ आणि ‘सन ऑफ काँग’ असा तिहेरी खेळ लावला. फुटपाथवरच्या रांगेत थोडा वेळ उभे राहा. यातले बरेच जण हे सिनेमे आधी पाहून पुन्हा आलेत. त्या रांगेमुळेच स्टुडिओने राक्षसांची कोठी परत उघडली.

मार्च १९४३ला मात्र घाई करू नका. ‘फ्रँकेनस्टाइन मीट्स द वुल्फ मॅन’ लागलाय. दोन वेगळ्या सिनेमांतले राक्षस एका पडद्यावर आणायचा युनिव्हर्सलचा हा पहिलाच प्रयोग. बाहेर महायुद्ध चालू आहे. लेखक कर्ट सिऑडमाक हा नाझी जर्मनीतून निसटलेला ज्यू. त्यानेच १९४१मध्ये ‘द वुल्फ मॅन’ लिहिला होता. पर्ल हार्बरनंतर आठवडाही झाला नव्हता तेव्हा तो थिएटरांत आला. चांगल्या माणसातला लांडगा चंद्र उगवला की आपोआप जागा होतो, ही कल्पना त्याला कुठून सुचली असेल ते वेगळं सांगायला नको.

पडदा उजळतो. वाऱ्याने पानं उडतायत, दोन चोर रात्री टॅल्बट घराण्याच्या थडग्यात शिरतात. शवपेटीचं झाकण सरकवतात. आत सुकलेल्या वनस्पतीखाली ‘द वुल्फ मॅन’मधला लॅरी टॅल्बट जसाच्या तसा पडलाय. खिडकीतून चांदणं त्याच्या अंगावर येतं. चोराचं लक्ष दागिन्याकडे आहे, तुमचं त्या हाताकडे, आणि हात हलतो. शेजारची बाई नवऱ्याचं मनगट घट्ट धरते. त्या दशकातलं युनिव्हर्सलचं याहून चांगलं दृश्य मला माहीत नाही.

लॉन चेनी ज्युनिअरचा लॅरी जिवंत होतो आणि त्याला हवं असतं मरण. मरणाचा मार्ग फ्रँकेनस्टाइनच्या टिपणवहीत असेल, म्हणून तो त्या उद्ध्वस्त किल्ल्यापाशी पोचतो आणि बर्फात गोठलेला राक्षस त्याच्या हाती लागतो. बर्फ हाताने फोडून तो त्याला बाहेर ओढतो. दोन कथा इथे जुळतात, आणि जुळवणारी गोष्ट म्हणजे एका दुःखी माणसाची गरज. लॅरीला आपण दोन वर्षांपूर्वी, एकट्याला, त्याच्याच सिनेमात ओळखून चुकलोय, म्हणून त्या बर्फाच्या गुहेत आपण त्याच्याबरोबर उतरतो.

राक्षसाच्या वेषात यावेळी लुगोसी आहे, वय ६०. पटकथेत राक्षस आंधळा होता, बोलत होता. संवाद ऐकून स्टुडिओतल्या चाचणी खेळात लोक हसले, म्हणून ते सगळे कापले आणि आंधळेपणाचा उल्लेखही त्यांच्याबरोबर गेला. उरला तो हात पुढे करून चाचपडत चालणारा म्हातारा नट. कारण कुणाला कळलं नाही, पण ती चाल जगभरच्या पोरांनी उचलली आणि आजही फ्रँकेनस्टाइनची नक्कल करायची म्हटली की हात असेच पुढे येतात. लुगोसीवर हा मोठा अन्याय झाला. शेवटच्या मारामारीत नीट पाहा, मेकअपखाली बऱ्याचदा स्टंटमन आहे.

त्यानंतर १९४४, १९४५: ड्रॅक्युला, लांडगा, वेडा डॉक्टर सगळे एकाच घरात, आणि प्रत्येकाच्या वाट्याला थोडी थोडी रिळं. १९४८मध्ये ॲबट आणि कॉस्टेलो या विनोदी जोडीबरोबरचा सिनेमा येईपर्यंत पिअर्सला स्टुडिओतून काढून टाकलेलं असतं. ज्या हातांनी कार्लॉफचं कपाळ, ममीच्या पट्ट्या आणि याकचे केस चिकटवून केलेला लांडगा घडवला, त्या हातांची जागा आता रबरी मुखवट्यांनी घेतली आहे. सगळ्या राक्षसांचं एक कुळ वाटायचं ते मुख्यतः त्या हातांमुळे.

थेट २०१४मध्ये उतरा. युनिव्हर्सलने राक्षसांचं सामायिक विश्व उभारायचं काम ॲलेक्स कर्ट्झमन आणि ख्रिस मॉर्गन यांच्यावर सोपवलंय. त्याच वर्षी १९२५च्या ‘फँटम ऑफ द ऑपेरा’साठी बांधलेला २८ नंबरचा स्टेज पाडला गेला.

२२ मे २०१७. एक फोटो प्रसिद्ध होतो: टॉम क्रूझ, रसेल क्रो, जॉनी डेप, हाविएर बार्डेम, सोफिया बूतेला. नाव ‘डार्क युनिव्हर्स’. डेपचा अदृश्य माणूस आणि बार्डेमचा राक्षस अजून कुणी पाहिलेले नाहीत. जूनमध्ये ‘द ममी’च्या खेळाला बसा. युनिव्हर्सलचा पृथ्वीगोल फिरून काळी बाजू दाखवतो, त्याला डॅनी एल्फमनचं संगीत. लंडनमध्ये जमिनीखाली प्रॉडिजियम ही राक्षसशोधक संस्था. काचेच्या बरण्यांत सुळ्यांची कवटी, खवल्यांचा पंजा. कॅमेरा त्यांच्यावरून फिरतो. या वस्तू पुढच्या सिनेमांच्या खुणा आहेत हे तुम्हाला कळतं आणि पडद्यावर चाललेल्या गोष्टीतून तुमचं मन निघून जातं. शेजारच्याच दालनात साखळ्यांनी जखडलेल्या आमानेत या ममीच्या अंगात पारा टोचला जातोय. बूतेलाच्या चेहऱ्यावर एक पूर्ण शोकांतिका आहे. सिनेमाने तिच्यापाशी थांबायला हवं होतं. जगभरात ४० कोटी डॉलरहून जास्त गल्ला झाला, पण खर्चाच्या मानाने तो पुरला नाही.

१४ फेब्रुवारी २०१९लाही उतरून पाहा. या दिवशी बिल काँडनचा ‘ब्राइड ऑफ फ्रँकेनस्टाइन’ लागायचा होता. कुठल्याच थिएटरात तो नाही. २०१७च्या ऑक्टोबरमध्येच काम थांबलं. काँडनने १९९८मध्ये जेम्स व्हेलच्या शेवटच्या दिवसांवर ‘गॉड्स अँड मॉन्स्टर्स’ केला होता. त्याच्याहून योग्य माणूस मला सुचत नाही, म्हणून या रद्द झालेल्या सिनेमाची हळहळ मला सगळ्यात जास्त वाटते.

मग फेब्रुवारी २०२०. लेह व्हॅनेलचा ‘द इनव्हिजिबल मॅन’, खर्च सुमारे ७० लाख डॉलर. एलिझाबेथ मॉस स्वयंपाकघरात नाश्ता बनवतेय. ती बाहेर जाते, कॅमेरा तिथेच थांबतो. ओट्यावरची सुरी नाहीशी होते. बर्नरची आच आपोआप वाढते. तुम्ही रिकाम्या कोपऱ्याकडे टक लावून पाहता, कारण तिचा छळ करणारा पुरुष तिथे उभा आहे आणि तिच्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. पुढच्या सिनेमाची एकही खूण नाही. थोड्याच आठवड्यांत साथीमुळे थिएटरं बंद पडली, तरी १४ कोटी डॉलरहून जास्त जमले.

‘डार्क युनिव्हर्स’ हे नाव मात्र टिकलं. फोटोनंतर बरोबर आठ वर्षांनी, २२ मे २०२५ला, ऑरलँडोत युनिव्हर्सलचं नवं उद्यान उघडलं आणि त्याच्या एका भागाला ते मिळालं. तिथे सगळे राक्षस एकत्र आहेत. जाणार असाल तर आधी १९३१चा ‘फ्रँकेनस्टाइन’, १९३५ची ‘ब्राइड’ आणि १९४१चा ‘वुल्फ मॅन’ याच क्रमाने पाहा. तिन्ही मिळून साडेतीन तासांच्या आसपास लागतील. १९४३चा त्यानंतर लावा.