स्प्रिंटचे कूळ

सॉफ्टवेअरच्या कचेऱ्यांतून ठराविक मुदतीच्या कामाला ‘स्प्रिंट’ म्हणण्याची जी वहिवाट आज पडली आहे, तिचे मूळ रग्बीत आहे असे सर्रास सांगितले जाते. कारण स्प्रिंट ज्या पद्धतीचे अंग आहे त्या ‘स्क्रम’ला तिचे रग्बीतले नाव हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका यांच्या १९८६ च्या ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मधील लेखावरून मिळाले, हे निर्विवाद आहे. परंतु तो लेख मुळातून वाचणारा बुचकळ्यात पडतो. होंडा, कॅनन, फुजी-झेरॉक्स येथे नवी वस्तू कशी घडते हे सांगताना लेखकद्वय प्रथम मोडीत काढते ती रिले शर्यतच: एका खात्याने आपला हिस्सा उरकून बॅटन पुढल्या खात्याच्या हवाली करण्यापेक्षा, सर्वांनी चेंडू आपसांत फिरवत एकदमच पुढे सरकावे, हा त्यांचा आग्रह. मग धावपट्टीवरचाच हा शब्द त्यांच्या अनुयायांच्या घरात शिरला कसा?

माझ्या मते स्प्रिंटचे कूळ जपानात नसून एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये आहे. १९९३ साली इझेल कॉर्पोरेशनमध्ये पहिला स्क्रम-संघ उभारणारे जेफ सदरलँड यांनीच सांगून ठेवले आहे, की त्या प्रयोगशाळेत दर तीन आठवड्यांनी प्रत्येक गटाला आपले काम सहकाऱ्यांपुढे चालवून दाखवावे लागे, आणि जे चालत नसे किंवा मनात भरत नसे त्याची गच्छंती होई. यावर प्रतिपक्ष म्हणेल की १९६० च्या दशकात नासाच्या मर्क्युरी प्रकल्पातील प्रोग्रॅमर अर्ध्या-अर्ध्या दिवसाच्या बांधीव मुदतीत काम करीत होते, तेव्हा वडीलकीचा मान त्यांचा. तो मान खुशाल द्यावा. पण नुसती मुदत तर सरकारी कंत्राटालाही असते. स्प्रिंटचा जीव आहे अखेरच्या डेमोत. पैसे भरण्याचे पान तयार झाले आणि पावती छापणे राहिले, तर मुदत वाढवून मिळत नाही. पावती निमूटपणे बॅकलॉगमध्ये, म्हणजे उरलेल्या कामांच्या यादीत, परत जाते, आणि ग्राहकासमोर जे चालते तेवढेच मांडले जाते.

मुदतीचे माप मात्र आकसत गेले. सदरलँड यांच्यासह स्क्रमला आकार देणारे केन श्वेबर यांच्या आरंभीच्या पुस्तकांत ती तीस दिवसांची. २०२० च्या स्क्रम गाइडमध्ये जास्तीत जास्त एक महिना. आणि पुष्कळ संघ दोनच आठवडे पसंत करतात, कारण ग्राहकाचे म्हणणे उलटे समजले गेले असेल तर तेवढ्याच दिवसांची मेहनत बुडते.