फळांनी लगडलेले झाड

नाताळ जवळ आला की नाशिकच्या बाजारपेठेत चकचकीत गोळे, प्लॅस्टिकची हिरवी झाडे आणि रंगीत झिरमिळ्या दिसू लागतात. यंत्रावर घडलेल्या या वस्तूंची आपल्याला इतकी सवय झाली आहे की, नाताळची सजावट म्हणजे हीच, असे आपण गृहीत धरतो. परंतु या सजावटीचा इतिहास चाळू लागलो म्हणजे निराळेच चित्र दिसते. मुळात ही सजावट फळांची आणि सुक्या मेव्याची होती; आणि ती मुलांनी खावी यासाठी होती.

युरोपातील जुन्या परंपरेत २४ डिसेंबर हा आदाम आणि एवा यांच्या स्मरणाचा दिवस. मध्ययुगात जर्मन प्रदेशात या सुमारास एदेन बागेची कथा नाट्यरूपाने दाखवीत. ऐन हिवाळ्यात हिरवे राहणारे झाड सूचिपर्णीचेच. म्हणून त्यालाच लाल सफरचंदे बांधून ज्ञानवृक्ष उभा करीत. पुढे त्याच फांद्यांवर ख्रिस्तप्रसादाची आठवण देणाऱ्या पातळ पापड्याही आल्या. पतनाचे फळ आणि तारणाची भाकर एकाच झाडावर! आदामापासून ख्रिस्तापर्यंतचा हाच प्रवास फादर थॉमस स्टीफन्स यांनी आपल्या ‘ख्रिस्तपुराणा’त मराठी ओव्यांतून सांगितला. तो ग्रंथ १६१६ साली छापला गेला.

ब्रेमेन शहरातील एका कारागीर संघाच्या १५७० सालच्या नोंदीत असे झाड आढळते. त्यावर सफरचंदे, अक्रोडासारखी फळे, खजूर आणि कागदी फुले होती, आणि नाताळच्या दिवशी सभासदांच्या मुलांनी ती लुटावयाची होती. १६०५ सालच्या स्ट्रासबुर्गच्या वर्णनातही कागदी गुलाब, सफरचंदे आणि मिठाई आहे. न्यूरेंबर्गच्या नाताळ बाजारात तर वाळवलेल्या आलुबुखाऱ्यांचे हातपाय आणि अक्रोडाचे डोके असलेल्या बाहुल्या आजही विकल्या जातात. बर्फाळ हिवाळ्यात ताजे फळ दुर्मीळ. तेव्हा उन्हाळ्यात राखून ठेवलेला मेवा हेच घरचे वैभव, आणि तेच झाडावर चढे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर थुरिंजिया प्रांतातील लाउशा गावच्या कारागिरांनी काचेचे गोळे फुंकावयास घेतले. अवर्षणाने सफरचंदे पिकली नाहीत म्हणून फ्रान्समधील एका कारागिराने काचेची फळे केली, अशीही आख्यायिका आहे. १८४८ साली राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचे नाताळच्या झाडाभोवतीचे चित्र लंडनच्या साप्ताहिकात छापले गेले आणि झाडाची प्रथा इंग्रजी जगात पसरली. नाशिकजवळ शरणपूरची मिशन वसाहत उभी राहिली ती याच शतकाच्या उत्तरार्धात. काच टिकाऊ आणि देखणी खरी. पण ती मुलांच्या तोंडात पडत नाही. खाण्याची सजावट पाहण्याची झाली, आणि पुढे प्लॅस्टिकने ती स्वस्तही केली. या वाटचालीत झाडाखालची लूट मात्र हरवली.

ती लूट आपल्या मराठी घरांत जिवंत आहे, हे आम्हांला विशेष वाटते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत लहानग्यांचे बोरनहाण होते. बाळाला काळे झबले आणि हलव्याचे दागिने घालतात, त्याच्या डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे ओततात आणि भोवतालची मुले ते वेचतात. ब्रेमेनच्या कारागिरांना आणि आपल्या आज्यांना एकमेकांची गंधवार्ता नव्हती; तरी हिवाळ्याचा आनंद मुलांच्या ओंजळीत घालावा, हे दोघांनाही सुचले.

आणि नाशिकला फळांची वाण कुठे आहे? ओझर येथे रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी १९२५ साली द्राक्षलागवडीचा पाया घातला. आज निफाड, दिंडोरीचे शिवार द्राक्षांनी ओळखले जाते. डिसेंबरात मात्र बहुतेक बागांतले घड अजून कच्चेच असतात. तोडणीचा भर जानेवारीनंतर. गोडी भरलेली द्राक्षे सावलीच्या शेडमध्ये जाळ्यांवर पसरून पंधरवड्यात बेदाणा होतो. साधारण चार किलो द्राक्षांतून एक किलो. म्हणजे नाताळात आपल्या हाती येणारा बेदाणा हे गेल्या उन्हाळ्याचे जपलेले ऊन होय. त्यामागे अवकाळी पावसाच्या धास्तीने रात्री जागवलेला शेतकरी आहे, हे विसरू नये.

असे झाड करणे कठीण नाही. नागपुरी संत्र्यांचा आंबिया बहार याच दिवसांत येतो. संत्र्याच्या पाव इंच जाडीच्या चकत्या कापून, फडक्याने टिपून, जाळीवर स्वच्छ उन्हात वाळवाव्यात आणि रोज उलटाव्यात. नाशिकच्या कोरड्या थंडीत त्या काही दिवसांत कडक होतात. रात्री मात्र दव लागू देऊ नये. उजेडासमोर टांगल्या की त्या रंगीत काचेसारख्या दिसतात. जोडीला दालचिनी, चक्रीफूल, खारका दोऱ्यात ओवाव्यात. खाण्याचे बेदाणे व अंजीर धूळ आणि मुंग्यांपासून जपण्यासाठी लहान पुरचुंड्यांत बांधावे. सूचिपर्णी हवीच असे नाही. आंब्याची डहाळीही शोभते.

स्थानिक ख्रिस्तसभांनी आपल्या लोकांच्या चालीरीतींतून आणि कलांतून घ्यावे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली सांगितले. नाशिकचा स्वतंत्र धर्मप्रांत १९८७ साली झाला. या परिषदेचा वारसा त्याला जन्मापासूनच लाभला आहे. तो वारसा केवळ भजन-आरतीपुरता का राहावा? ६ जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, युरोपात मुले झाड हलवून त्यावरचा खाऊ लुटीत. आपल्या धर्मग्रामांतही त्या दिवशी झाड उतरवावे आणि पुरचुंड्या शेजारच्या, वस्तीवरच्या, द्राक्षबागेत मजुरीला आलेल्या कुटुंबांच्या मुलांच्या हाती द्याव्यात. गव्हाणीतल्या बाळाला भेटी आल्या त्या दूरच्या वाटेने चालत आलेल्यांकडून. आपल्या झाडाची फळे इतरांपर्यंत नेण्यासाठी आपल्याला तर काही पावलेच चालावयाची आहेत.