काढा, अर्क आणि झाकणावरचा घाम

काढा म्हणजे पाल्यातून 'काढलेला' तो, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. व्युत्पत्ती वेगळंच सांगते. संस्कृतातला 'क्वाथ' प्राकृतातून झिजत आला आणि 'काढा' झाला. 'कढ', 'कढणे' आणि आपली ताकाची कढी ही सगळी त्याच घरातली. 'काढणे' हे क्रियापद मात्र ओढून घेण्याचं. त्याचं नातं 'कृष्' धातूशी जोडतात. तेव्हा काढा काढायचा नसतो, कढवायचा असतो.

ही बारीक नजर वैद्यकाच्या जुन्या शब्दांत सगळीकडे दिसते. शार्ङ्गधरसंहितेत क्वाथाला औषधाच्या सोळापट पाणी सांगितलं आहे, तेही आटवून आठवा हिस्सा उरवायचं. गरम पाण्यात भिजवून, कुस्करून गाळलं की तो 'फांट'. सहापट गार पाण्यात रात्रभर ठेवलं की 'हिम'. ओला पाला पिळला तर 'स्वरस', वाटला तर 'कल्क'. पान एकच, पण कृती बदलली की नाव बदललं. अडुळशाचं पान नुसतं पिळून सहजी रस सोडत नाही, म्हणून ते आधी गुंडाळून भाजायचं. त्या रीतीलाही 'पुटपाक' असं स्वतंत्र नाव आहे.

'अर्क' मात्र दुरून आला. संस्कृतात अर्क म्हणजे सूर्य आणि रुईचं झाड; औषधाच्या बाटलीतला अर्क अरबी 'अरक'वरून आलेला, आणि अरक म्हणजे घाम! गवती चहाची पाती उकळताना पातेल्यावर झाकण ठेवा आणि थोड्या वेळानं उचलून पाहा. आतल्या बाजूला थेंब डवरलेले असतात, त्यांना पात्याचाच वास येतो. उघड्या पातेल्यातून तो वास वाफेबरोबर उडून जातो. भट्टीवर तीच वाफ गार करून धरतात. इतकं नेमकं नाव फार थोड्या गोष्टींना लाभतं.

नावातला हा फरक किती मोलाचा, ते चीनमध्ये दिसलं. हिवतापावर औषध शोधताना चिनी संशोधक तू योयो यांना छिंगहाव या वनस्पतीच्या काढ्यात गुण सापडेना. चौथ्या शतकातल्या ग हुंग यांच्या ग्रंथात मूठभर छिंगहाव पाण्यात भिजवून पिळून प्यायला सांगितलं होतं; उकळण्याचा उल्लेखच नव्हता. उष्णतेनं गुण जात असेल, हे तू योयो यांनी ओळखलं. 1971मध्ये त्यांनी सुमारे 35 अंशांना उकळणारं ईथर वापरलं, पानांतलं द्रव्य हाती आलं. तेच आर्टेमिसिनिन; 2015चं नोबेल त्यासाठी. आपल्या भाषेत सांगायचं तर क्वाथ सोडून हिमाच्या वाटेनं गेल्यावर औषध गवसलं.

आज प्रयोगशाळेत या सगळ्याच कृतींना 'निष्कर्षण' म्हणतात. शब्द चांगला आहे, पण त्यात पान भिजवलं की उकळलं हे कळत नाही. बाटल्यांवरही सरसकट 'अर्क' छापलेलं असतं. ही मोघमपणाची सवय मला घातक वाटते. म्हणून एक विनंती: कुणाला पाल्याची कृती लिहून द्याल तेव्हा कढवायचं असेल तर काढा लिहा, भिजवायचं असेल तर हिम लिहा, आणि गवती चहा असेल तर झाकण ठेवायला सांगा.