मीठ, कोबी आणि सकाळची गोळी

"मला थायरॉईड आहे" असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. खरं तर थायरॉईड सगळ्यांनाच असते! गळ्याच्या पुढच्या बाजूला, फुलपाखराच्या आकाराची, जेमतेम पंधरा-वीस ग्रॅमची ग्रंथी. म्हणायचं असतं ते "माझी थायरॉईड मंदावली आहे". असो, बोलीभाषेशी कोण भांडणार. आमच्या नात्यातच आई, मोठी वहिनी आणि एक मावसबहीण अशा तिघी आहेत. भारतातल्या आठ शहरांत केलेली एक पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात साधारण ११ टक्के प्रौढांची थायरॉईड मंद निघाली होती. म्हणजे हे वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या घरी कुणी ना कुणी असणारच.

आणि हे दुखणं घरात शिरलं की पाठोपाठ खाण्याची यादी शिरते. कोबी-फ्लॉवर बंद. सोयाबीन बंद. बाजरी नको. पाकिटातलं मीठ नको, सैंधव आणा. माझ्या मावसबहिणीने अशी यादी स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवली, मनोभावे पाळली आणि "आता आहाराने बरं करायचं" म्हणून गोळी बंद केली. काही महिन्यांनी चेहरा सुजलेला, आवाज घोगरा, भर मे महिन्यात अंगावर शाल. तिला रागावून काही उपयोग नव्हता. ही यादी मुळात आली कुठून, हे मला हवं होतं. शोधत गेलो तेव्हा जाणवलं की यादीतली जवळपास प्रत्येक गोष्ट कुठेतरी, कधीतरी खरी होती. फक्त ती दुसऱ्या दुखण्याची होती.

ते दुखणं म्हणजे गलगंड. सुश्रुतसंहितेत त्याचं वर्णन आहे, म्हणजे ओळख जुनीच. कारण मात्र फार उशिरा कळलं. १८११ साली फ्रान्समध्ये बर्नार्ड कूर्त्वा समुद्रशैवालाच्या राखेतून सोरा बनवण्याच्या खटपटीत होता, तेव्हा भांड्यातून जांभळी वाफ निघाली. ते आयोडीन. समुद्री वनस्पतींची राख गलगंडावर देण्याची पद्धत युरोपात होतीच. जिनिव्हाच्या कॉंदे नावाच्या डॉक्टरने दोन आणि दोन चार केले आणि १८२० मध्ये गलगंडाच्या रोग्यांना थेट आयोडीन द्यायला सुरुवात केली. गाठी उतरायला लागल्या, आणि मग जे व्हायचं तेच झालं. लोक मनाला येईल तेवढं आयोडीन पिऊ लागले, काहींची छाती धडधडू लागली, माणसं रोडावली, आणि एवढं चांगलं औषध बदनाम होऊन बाजूला पडलं. (आज समुद्रशैवालाच्या गोळ्या "नैसर्गिक" म्हणून घेतल्या जातात. दोनशे वर्षांत फरक एवढाच की बाटली सुबक झाली.)

आपल्याकडे या प्रश्नामागे हात धुऊन लागलेला माणूस म्हणजे रॉबर्ट मॅकॅरिसन. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला हा डॉक्टर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिलगिटमध्ये होता. तिथे एकाच ओढ्याच्या काठाने एकाखाली एक गावं. त्याने पाहिलं, वरच्या गावात गलगंड कमी आणि ओढा जसजसा खाली जाईल, तसतसं प्रमाण वाढत जातं. मग या गृहस्थाने त्या पाण्यातला गाळ स्वतः रोज पिऊन पाहिला, दुसऱ्यांनाही पाजला! काहींच्या गळ्याला सूज आली. गाळ उकळून दिला तेव्हा आली नाही. त्यावरून त्याने दोष पाण्यातल्या घाणीवर ठेवला. चिकाटी अफाट, पण मुख्य धागा हातून निसटला तो निसटलाच. डोंगराळ भागात हिमनद्या आणि पाऊस जमिनीतलं आयोडीन युगानुयुगे धुऊन समुद्राला नेतात. तिथल्या मातीत ते नाही, म्हणून धान्यात नाही आणि माणसातही नाही. मॅकॅरिसनने पुढे कुन्नूरला आहारावर मोठं काम उभं केलं. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था ही त्याच कामाची पुढची पिढी.

आयोडीनवरचा संशय फिटला तो अमेरिकेतल्या ॲक्रन गावच्या शाळकरी मुलींमुळे. १९१७ पासून मरीन आणि किम्बॉल या दोघांनी तिथे वर्षातून दोनदा आयोडीनचा छोटा डोस द्यायला सुरुवात केली. डोस न घेतलेल्या सुमारे २३०० मुलींपैकी ४९५ जणींची ग्रंथी वाढली, घेतलेल्या सुमारे २२०० पैकी फक्त पाच जणींची. १९२२ मध्ये स्वित्झर्लंडने आणि १९२४ मध्ये मिशिगन राज्याने ते मिठात घातलं. मीठच का? कारण गरीब-श्रीमंत सगळे ते रोज खातात, आणि साधारण सारखंच खातात.

आपला स्वतःचा प्रयोग १९५६ साली हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात सुरू झाला. डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोऱ्याचे तीन भाग पाडले. दोन भागांना आयोडीनचं मीठ, एकाला साधं. पाच-सहा वर्षांत पहिल्या दोन भागांतला गलगंड निम्म्याच्याही आसपास उतरला, तिसऱ्यात जैसे थे. मग तिथेही आयोडीनचं मीठ दिलं आणि तिथेही उतरला. विज्ञान म्हणून चोख काम. पण त्या तिसऱ्या भागात त्या पाच-सहा वर्षांत जन्मलेल्या मुलांचा विचार माझ्या मनातून जात नाही. गळ्याची गाठ डोळ्यांना दिसते. आईच्या पोटात आयोडीन कमी पडलेल्या बाळाच्या मेंदूचं जे नुकसान होतं ते दिसत नाही आणि भरूनही येत नाही.

या प्रयोगाच्या बळावर १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. हा केवळ हिमालयाचा प्रश्न नाही, महाराष्ट्रातल्याही काही जिल्ह्यांत गलगंड आहे, हे पुढच्या पाहण्यांत दिसलं. १९९८ पासून आयोडीन नसलेलं मीठ खाण्यासाठी विकायला देशभर बंदी आली, २००० मध्ये केंद्राने ती उठवली, २००६ मध्ये पुन्हा आणली. मधल्या काळात काय काय वाद झाले! १९३० साली ज्या देशात दांडीला, आपल्या शिरोड्याला आणि वडाळ्याला मिठासाठी लोकांनी सत्याग्रह केला, तिथे कुठलं मीठ विकायचं हे पुन्हा सरकारने ठरवायचं? उरण-पेणच्या छोट्या मिठागरवाल्याने आयोडीन फवारायचं यंत्र कुठून आणायचं? दुसरा प्रश्न रास्त होता असं मला वाटतं. पण "आमचं खडे मीठ समुद्राचंच, त्यात आयोडीन असतंच" हा मुद्दा मात्र टिकत नाही. समुद्राच्या पाण्यात मुळात आयोडीन अगदी थोडं असतं आणि मीठ जमताना त्यातलंही मिठात नगण्य उरतं. सैंधवाचीही तीच गत. मासळीत असतं, पण मासळी घाटावर रोज कुठे?

आता यादीतल्या कोबीकडे वळू. १९२८ साली बाल्टिमोरमध्ये एका प्रयोगशाळेतल्या सशांना गलगंड झाला, कारण त्यांना प्रामुख्याने कोबीवरच ठेवलं होतं. कोबीची बदनामी तिथून सुरू झाली. बाजरीचं नाव आलं ते सुदानमधल्या दारफूरमुळे. तिथे जेवण म्हणजे बाजरी आणि मातीत आयोडीन कमी, अशी दुहेरी अडचण. दोन्हीकडचं निरीक्षण खरं आहे. पण आठवड्यातून दोनदा कोबीची शिजवलेली भाजी खाणारी आणि आयोडीनचं मीठ वापरणारी माझी मावसबहीण ना ससा आहे ना दारफूरची!

आणि मुख्य म्हणजे तिचं दुखणं वेगळं आहे. १९१२ साली जपानमधल्या हाकारू हाशिमोतो या तरुण डॉक्टरने चार बायकांच्या थायरॉईडचं वर्णन जर्मन भाषेत छापलं. ग्रंथीत पांढऱ्या पेशींची गर्दी झालेली. फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १९५६ मध्ये लंडनमध्ये रॉइट, डोनियाक वगैरे मंडळींनी दाखवलं की अशा रोग्यांच्या रक्तात स्वतःच्याच थायरॉईडविरुद्ध प्रतिपिंडं असतात. म्हणजे शरीराची फौज आपल्याच ग्रंथीवर चालून जाते. १९५६! कांगड्याचा प्रयोग सुरू झाला तेच साल. एकीकडे उपाशी ग्रंथीला मीठ मिळत होतं, दुसरीकडे पोट भरलेल्या ग्रंथीचं दुखणं उघड होत होतं. आज जिथे मिठात आयोडीन आहे तिथे मंद थायरॉईडचं मुख्य कारण हे दुसरं आहे. त्याला खाण्यातून आयोडीन वाढवून उपयोग नसतो, उलट अतिरेक झाला तर ते बिघडू शकतं. चालणं, व्यायाम, वेळेवर झोप हे सगळं हवंच, वजनाला आणि मनाला बरं. पण त्याने झिजलेली ग्रंथी परत कामाला लागत नाही.

त्यावरचा इलाज सापडला १८९१ मध्ये. न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या डॉक्टरने मेंढीच्या थायरॉईडचा अर्क एका ४६ वर्षांच्या बाईला टोचला. ती पुढे २८ वर्षं जगली, आणि तेवढ्या काळात तिच्यासाठी ८७० हून अधिक मेंढ्या लागल्या असा हिशेब मरेने नंतर मांडला. लगेच १८९२ मध्ये कळलं की टोचायची गरज नाही, ग्रंथी खाल्ली तरी चालते. फॉक्स नावाचा डॉक्टर तर ती हलकी परतून, बारीक करून, बेदाण्यासारख्या फळाच्या जेलीबरोबर द्यायचा. मंद थायरॉईड "आहाराने" बरी झाली ती एवढीच! पुढे १९१४ मध्ये केंडलने थायरॉक्सिन वेगळं काढलं, १९२७ च्या सुमाराला हॅरिंग्टनने ते प्रयोगशाळेत घडवलं, आणि मेंढ्या सुटल्या. सकाळची पांढरी गोळी म्हणजे तेच थायरॉक्सिन.

खाण्याचा संबंध आज उरला आहे तो या गोळीशी. रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर, आणि चहा-कॉफी किंवा नाश्ता त्यानंतर अर्ध्या ते एक तासाने. कॅल्शियमची आणि लोहाची गोळी चार तासांच्या अंतराने. सोयाबीन नियमित खात असाल तर डॉक्टरांच्या कानावर घाला, डोस त्याप्रमाणे ठरतो. गरोदर असाल तर आयोडीन अधिक लागतं आणि बहुतेकींचा गोळीचा डोसही वाढवावा लागतो, तेव्हा दिवस गेल्याचं कळताच तपासणी.

मावसबहिणीची गोळी परत सुरू झाली, भिंतीवरची यादी उतरली, कोबीची भाजी पानात आली. आईला मात्र यातलं काहीच जड गेलं नाही, एक सोडून. उठल्या उठल्या चहा घ्यायची पन्नास वर्षांची सवय. आता ती गोळी घेते आणि घड्याळासमोर बसून राहते. अर्धा तास झाला रे झाला की आधण ठेवते.